ना-हरकत

गेल्या नोव्हेंबरात मी दोन वापरलेल्या गाड्यांच्या मध्ये अडकून पडले होते. एक २०११ ची स्कोडा लॉरा व्हीआरएस: १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० अश्वशक्ती, सहा गिअर, तेही हाताने टाकायचे. मालक दोन लाख नव्वद हजार म्हणत होता. दुसरी २०२१ ची ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन: एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, १२० अश्वशक्ती, किंमत सव्वासात लाख. माझ्याजवळ साडेसात लाख होते. भाषांतराचे पैसे शब्दांच्या हिशेबाने येतात, आणि त्या हिशेबाने साडेसात लाख साठायला मला आठ वर्षं लागली होती. वस्तू हौसेची असली, तरी निर्णय हौसेवारी घेण्यासारखा नव्हता.

या दोन्ही गाड्यांना ‘स्पोर्ट्स कार’ म्हटलं तर जाणकार हसतील. त्यांच्या मनातली स्पोर्ट्स कार दोन दारांची, दोन आसनांची, जमिनीला चिकटून चालणारी असते. आपल्याकडे तशी गाडी बनवायचे प्रयत्न झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सान स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची छोटी गाडी बनली. २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत डीसी अवंती दिसली. रस्त्यावर मात्र दोन्ही क्वचितच दिसल्या. इथल्या मध्यमवर्गाची स्पोर्ट्स कार म्हणजे नेहमीच्याच गाडीत घातलेलं जरा दांडगं इंजिन आणि जरा कडक सस्पेन्शन. बाहेरून संसारी, आतून खट्याळ. मी अशी गाडी पहिल्यांदा चालवली ती २००२ साली. दादाच्या मित्राची फियाट पॅलिओ होती, १.६ लिटरची, कुर्ल्याला बनलेली. सांगलीहून कोल्हापूरला जाताना हातकणंगल्याच्या पुढे त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं आणि म्हणाला, “दाब आता.” मी दाबलं. तोवर वेग ही माझ्या लेखी इतरांनी मला कुठेतरी पोचवण्याची गोष्ट होती. त्या दिवशी ती माझ्या उजव्या पायात आली. त्या दिवसाचं देणं तेवीस वर्षं राहून गेलं होतं, एवढंच माझ्या हौसेचं समर्थन.

लॉरा पश्चिम दिल्लीतल्या एका तरुणाची होती. तो कॅनडाला निघाला होता. नोएडा एक्स्प्रेसवेवर मी ती चालवून पाहिली. स्टिअरिंग हातात वजनदार लागत होतं, क्लच पायाला जाणवत होता, आणि तिसऱ्या गिअरमध्ये काटा चार हजारांच्या वर गेला की मागून एक खरखरीत, खर्जातला आवाज यायचा. पॅलिओची आठवण नव्हे, त्याहून दाट काहीतरी. दुसऱ्या दिवशी एन लाइन चालवली. ती चपळ होती, शहाणी होती. गिअरचा दांडा होता, पण क्लचचं पेडल नव्हतं. क्लच गाडी स्वतःच दाबायची. माझी चूक व्हायच्या आत ती सावरून घ्यायची. घरी परतले तेव्हा कोणती गाडी चांगली याबद्दल शंका नव्हती, आणि कोणती हवी याबद्दलही नव्हती. दोन्ही उत्तरं वेगळी होती, अडचण तिथे होती.

माझ्या धंद्यात हा पेच जुना आहे. श्लायरमाखरने १८१३ च्या व्याख्यानात तो मांडला: भाषांतरकाराने एक तर वाचकाला लेखकाकडे न्यावं, नाही तर लेखकाला वाचकाकडे आणावं. जुनी गाडी मला रस्त्याकडे नेते. खड्डा, उतार, ओली माती, सगळं तळहाताला कळतं. नवी गाडी रस्ता माझ्याकडे आणते, पण आधी तो गुळगुळीत करून. काही नव्या गाड्यांमध्ये तर इंजिनाचा आवाजही स्पीकरमधून वाढवून ऐकवतात. मी आयुष्यभर पहिल्या पक्षाची आहे. मूळ भाषेचा खडबडीतपणा वाचकाला लागलाच पाहिजे, असं संपादकांशी भांडत आले आहे. त्यामुळे लॉराकडे झुकताना मला वाटलं, हा फक्त मोह नाही, ही माझी भूमिका आहे. मोहाला भूमिकेचे कपडे बेताचे बसतात, हे तेव्हा सुचलं नाही.

मग मालकाने ‘पुढचं’ सांगितलं. गाडीला नोव्हेंबर २०२६ मध्ये पंधरा वर्षं होतात. “मॅडम, काळजी नको. तोवर चालवा. मग एनओसी काढा आणि तुमच्या महाराष्ट्रात पाठवून द्या. तिथे कुणी काही विचारत नाही.”

इथे राहणाऱ्यांना हे गणित तोंडपाठ आहे, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या आणि २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात चालायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय उचलून धरला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीतल्या पंपांवर इंधनच द्यायचं नाही, असं ठरलं. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच ते पुढे ढकललं गेलं. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर कठोर कारवाई करू नका. डिसेंबरच्या मध्यात ही सवलत बीएस-चार आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती उरली. लॉरा बीएस-चार होती. म्हणजे मी निर्णयाला आले तोवर कायद्याने माझ्या बाबतीत हरकत घेणं जवळजवळ सोडून दिलं होतं. त्याने हरकत घेतली असती तर बरं झालं असतं. मला विचार करावा लागला नसता.

या सगळ्या वर्षांत एक बाजार मात्र पक्का झाला. दिल्लीतल्या गाड्या वयाच्या भीतीने स्वस्त होतात. एक फॉर्म भरायचा, फॉर्म २८, ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं, आणि गाडी दुसऱ्या राज्यात. तिथे फिटनेस तपासणी होते, पर्यावरण कर भरला जातो, पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. हे पूर्ण कायदेशीर आहे. माझ्या लॉराची स्वस्ताई याच वाटेने आली होती. तशीच राखलेली गाडी पुण्यात नक्की महाग मिळाली असती.

‘ना-हरकत’ हा मराठी सरकारी भाषेतला मला नेहमी विनोदी वाटणारा शब्द. त्यात नकार दोनदा डोकावतो आणि शेवटी होकार निघतो. पण त्या रात्री तो शब्द मी भाषांतरकाराच्या सवयीने उलटून पाहिला. हरकत कुणाची नाही? परिवहन कार्यालयाची नाही, पोलिसांची नाही, कर्ज देणाऱ्या बँकेची नाही. जिथे गाडी जाणार, तिथल्या माणसांना या फॉर्मवर रकाना नाही. सांगलीत, दादाच्या घरासमोरच्या गल्लीत, ज्यांच्या नाकासमोर ती गाडी रोज सकाळी गरम होणार, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

त्याच आठवड्यात मी गाडी मायापुरीत एका मिस्त्रींकडे तपासायला नेली. मायापुरी म्हणजे भंगाराचं गाव. दिल्लीतल्या नकोशा गाड्या इथे सुट्या होतात. कुठे नुसती दारं, कुठे नुसते आरसे, कुठे इंजिनांची रांग. एप्रिल २०१० मध्ये याच बाजाराचं नाव जगभर गेलं होतं. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं वापरात नसलेलं यंत्र लिलावात विकलं गेलं, ते इथे येऊन कापलं गेलं, आणि आतल्या कोबाल्ट-६० च्या किरणोत्साराने एका कामगाराचा जीव गेला, आणखी काही जण इस्पितळात पडले. तेव्हाही वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात रीतसरच गेली होती.

मिस्त्रींनी गाडी वर उचलली. टायमिंग चेनचा आवाज ऐकला, टर्बोचे पाइप पाहिले, सस्पेन्शनचे बुश हलवून पाहिले. “इंजिन चांगलं आहे,” म्हणाले. मग पान्याने एक्झॉस्टवरच्या एका डब्यावर टकटक केली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. “हे बघा मॅडम. डबा आहे, आत काही नाही.”

तो डबा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा होता. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. इंजिनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या जाळीतून जाताना बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात. दिल्लीसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. शिसं नसलेलं पेट्रोलही त्यासाठीच तेव्हा आलं. हौशी लोक ही जाळी काढून टाकतात. धुराची वाट मोकळी होते, थोडी ताकद वाढते, आणि आवाज सुटतो. डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा पेटू नये म्हणून गाडीच्या संगणकात फेरफार करून घेतात. कधी मौल्यवान धातूंसाठी जाळी चोरीलाही जाते. इथे काय झालं होतं ते मालकाने सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

म्हणजे एक्स्प्रेसवेवर ज्या खर्जाने मला जिंकलं होतं, तो एका नसलेल्या गोष्टीचा आवाज होता.

गाडीबरोबर पीयूसी होतं. मुदतीतलं, शिक्क्याचं, सगळे आकडे मर्यादेच्या आत. जाळीशिवाय ते आकडे कसे आले, हा प्रश्न मी मिस्त्रींना विचारला तेव्हा ते माझ्याकडे बघून नुसते हसले. मग समजुतीने म्हणाले, “दोन पर्याय आहेत. चांगल्या प्रतीचा नवा बसवायचा तर एक लाख चाळीस हजार. नाही तर असंच राहू द्या. कुणाला काय हरकत आहे?” शेवटचं वाक्य त्यांनी हिंदीत म्हटलं होतं, आणि शब्द होता हर्ज. मला ते कानात मराठीतच ऐकू आलं.

आता माझ्यापुढचा प्रश्न बदलला होता. जुनी की नवी, यातला निवाडा आवडीवर सोडता येत नव्हता. पण तो नैतिक करून टाकणंही वाटतं तितकं सोपं नव्हतं, कारण मी आकडे काढून बसले. पेट्रोल गाडीसाठी बीएस-चारमध्ये नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम होती, बीएस-सहामध्ये ती ०.०६ आहे. कार्बन मोनॉक्साइडची दोन्हींत एकच. डिझेलमध्ये हीच उडी ०.२५ वरून ०.०८ अशी मोठी आहे, पेट्रोलमध्ये नाही. म्हणजे नीट राखलेली चौदा वर्षांची पेट्रोल गाडी आणि चार वर्षांची पेट्रोल गाडी यांत धुराचा फरक मला वाटला होता त्याहून बराच कमी. मी वर्षाला फार तर चार हजार किलोमीटर चालवणार. नवी गाडी बनवण्यात गेलेलं पोलाद आणि वीज हिशेबात धरली तर आहे ती गाडी वापरत राहणं कदाचित बरंच. वय हा धुराचा सोयीचा निर्देशक आहे, धूर नव्हे. हा सगळा युक्तिवाद खरा होता. फक्त तो ‘नीट राखलेल्या’ गाडीबद्दल होता, आणि माझ्यासमोरची गाडी तशी नव्हती.

त्या आठवड्यात नोएडाच्या हवेचा निर्देशांक चारशेच्या वर होता. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, सांगली सोडून माझ्याकडे येऊन तिला सहा वर्षं झाली. दर नोव्हेंबरात संध्याकाळी नेब्युलायझर लावून बसते. मशीनच्या घरघरीत तिला टीव्ही ऐकू येत नाही, म्हणून ती नुसतं चित्र बघते. तिच्याकडे पाहून मी ठरवलं, लॉरा नको. आणि ठरवल्यावर मला बरं वाटलं. या बरं वाटण्याने मला थांबवलं.

अमर्त्य सेन दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत असत, १९६३ ते १९७१. त्यानंतर, १९७७ साली, त्यांनी ‘रॅशनल फूल्स’ हा निबंध लिहिला. मी तो एम.ए. ला तौलनिक साहित्यात असताना वाट चुकून वाचला होता. त्यात सेन दोन गोष्टी वेगळ्या करतात. दुसऱ्याच्या दुःखाने माझा जीव कळवळतो, ती सहानुभूती. पण दुसऱ्याच्या दुःखाने मला काही होत नाही, तरीही ते चूक आहे असं मी मानते आणि ते थांबवायला तयार होते, ती बांधिलकी. सेन म्हणतात की सहानुभूतीने केलेली कृती एका अर्थाने स्वार्थीच असते, कारण ती केल्याने माझाच त्रास कमी होतो. आपल्याकडे ‘बांधिलकी’ हा शब्द साहित्याच्या चर्चासत्रांत इतका घासला गेला आहे की तो मी एरवी टाळते. पण इथे त्याचा अर्थ एकदम कोरा दिसला. आईच्या खोकल्यामुळे मी गाडी नाकारली, ती सहानुभूती. सांगलीच्या गल्लीतल्या, मी कधी न पाहिलेल्या कुणाच्या तरी खोकल्यामुळे नाकारली असती का? मालकाने एनओसीची वाट दाखवली, तेव्हा तर मला ती वाट छानच वाटली होती. दादाकडे जागा आहे, भाचा गाडीवेडा आहे, माझी हौस एक वर्ष भागेल आणि मग वस्तू घरातच राहील. आईच्या फुप्फुसांपासून गाडी तेराशे किलोमीटर लांब नेली की माझी नैतिक अडचण संपत होती. म्हणजे ती अडचण नैतिक नव्हती, भौगोलिक होती.

मग एन लाइन घेऊन हात स्वच्छ ठेवायचे? त्यातही एक गोची होती. मी नाही म्हटल्याने लॉरा नाहीशी होणार नव्हती. ती त्याच किमतीला, त्याच पोकळ डब्यासकट, दुसऱ्या कुणाला तरी विकली जाणार होती, आणि वर्षभरात फॉर्म २८ भरून कुठल्या तरी तालुक्याला जाणार होती. माझे हात स्वच्छ राहिले असते आणि हवेत एका कणाचाही फरक पडला नसता. आणि एन लाइन तरी? सात-आठ वर्षांनी मीही ती विकणार. तिची जाळी तेव्हा थकलेली असेल, आणि ती कुणाकडे जाईल हे मला कधीच कळणार नाही. नवी वस्तू घेण्यातलं मोठं सुख हे की तिचा शेवट दुसऱ्याच्या वाट्याला येतो. आपण मधल्या चांगल्या वर्षांपुरते मालक.

जुनी वस्तू घेताना मात्र तिचा शेवट दिसत असतो. तो आपण किमतीतून वजा करून घेतो, भाव करताना बोलूनही दाखवतो: “आता किती वर्षं राहिलीत हिची?” पण वजा केलेले ते पैसे आपण शेवटासाठी राखून ठेवत नाही. ते खिशात टाकतो आणि शेवट पुढच्याकडे सरकवतो. माझ्या मते जुन्या वस्तूच्या स्वस्ताईतला अप्रामाणिकपणा इथे आहे, वयात नाही. दोन लाख नव्वद हजार आणि सव्वासात लाख यांतला फरक मी माझी बचत समजत होते. त्यातला निदान काही भाग लॉराचा होता. तिच्या जाळीचा, तिच्या टायरांचा, आणि शेवटी तिला नीट मोडण्याचा.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने नेब्युलायझरचा मुखवटा काढला आणि विचारलं, “अगं, तुला गाडी हवीय की पुण्य?” मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, “मग पैसे लागतील.”

भाव दोन लाख दहा हजारांवर तुटला. रिकाम्या डब्याची गोष्ट काढल्यावर मालकाने फार ताणलं नाही. कन्व्हर्टरचे एक लाख चाळीस हजार, संगणकातला फेरफार काढून मूळ स्थितीला आणणं, क्लच, चार टायर, दुरुस्ती धरून आणखी नव्वद हजार. एकूण चार लाख चाळीस हजार. उरलेल्यातले पन्नास हजार मी वेगळ्या खात्यात ठेवले आहेत, तिच्या शेवटच्या वर्षांच्या दुरुस्तीसाठी. पीयूसी मी पुन्हा काढलं, या वेळी नळी आत घातलेली बघत उभी राहून. आकडे मर्यादेत आले.

आवाज गेला. मिस्त्रींनी गाडी चालू केली, मान तिरकी करून ऐकलं आणि माझ्याबद्दल वाईट वाटून म्हणाले, “मॅडम, मजा गेली.” पूर्ण गेली नाही. स्टिअरिंग अजून बोलतं, तिसरा गिअर अजून ओढतो. यमुना एक्स्प्रेसवेवर गाड्यांना शंभरची मर्यादा आहे, दाट धुक्याच्या दिवसांत त्याहूनही कमी. १६० घोड्यांपैकी निम्मे तिथे नुसते उभे असतात. पण आग्र्याकडे पहाटे निघालं आणि डाव्या हाताने चौथ्यातून तिसऱ्यात आणलं की हातकणंगल्याच्या पुढचा तो रस्ता परत येतो. खर्ज नसला तरी येतो. तेव्हा कळलं, मला तो आवाज हवा होता असं नाही. त्या आवाजाशिवाय ही गाडी मला चालली असती हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

इथे थांबले असते तर निबंध गोड झाला असता. पण मला स्वतःवर संशय आहे. एवढी वळणं घेऊन माझा विचार नेमका तिथेच कसा पोचला, जिथे माझी हौस आधीपासून उभी होती? हौसेला युक्तिवाद सापडायला वेळ लागत नाही. मला जर एन लाइन मनातून हवी असती, तर कदाचित मी बीएस-सहाच्या आकड्यांवर असाच प्रांजळ निबंध लिहिला असता. या संशयावर माझ्याकडे उत्तर नाही, एक कसोटी आहे. मी ठरवलं होतं की या गाडीची मी शेवटची मालक असेन. तिची चालायची मुदत संपेल, कायद्याने किंवा प्रकृतीने, तेव्हा तिला ना-हरकत काढून कुठे पाठवायचं नाही. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यायची, जिथे तिचं तेल, तिची बॅटरी, तिची जाळी उघड्यावर न सांडता सुटी होईल, आणि गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळेल. हे मी प्रत्यक्षात करेन तेव्हाच वरचा युक्तिवाद युक्तिवाद ठरेल. तोवर ती सबब आहे.

जानेवारीत सांगलीला गेले तेव्हा भाच्याला हे सांगितलं. तो बावीस वर्षांचा आहे, एका वर्कशॉपमध्ये शिकतो, आणि लॉराचे फोटो त्याने मोबाइलच्या पडद्यावर लावले आहेत. तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, “आत्या, तू मोडशील ती, पण मला देणार नाहीस?”

मी त्याला हवेचं सांगितलं, शेवटाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग जे बोलला ते मला सेनच्या निबंधात कुठे सापडलं नव्हतं. दिल्लीवाले नव्या गाड्या घेतात, त्याचं म्हणणं, पुणेवाले त्यांच्याकडून घेतात, आणि आमच्याकडे ती तिसऱ्या-चौथ्या हाताने येते. आमच्या हातात येणारी चांगली गाडी ही तुमची जुनी गाडीच असते. तुम्ही सगळे एका दिवशी शहाणे झालात आणि सगळ्या मोडायला लागलात, तर आम्ही काय चालवायचं? “तुझी बांधिलकी माझ्या खर्चाने आहे, आत्या.” शब्द माझाच होता, पाचच मिनिटांपूर्वी वापरलेला.

मी म्हटलं, त्यात १६० घोडे आहेत आणि तू बावीसचा आहेस. ते त्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते मी ऐन वेळी शोधलेलं कारण होतं. तो पुढे म्हणाला, “आता तर तू जाळी बसवलीस. पीयूसी खरं आहे. मी ती तुझ्यापेक्षा नीट ठेवीन, मला काम येतं. मग आता काय हरकत आहे?”

मी फॉर्मवर त्या गल्लीतल्या माणसांसाठी रकाना नाही म्हणून तक्रार करत होते. आता त्या गल्लीतलाच एक जण माझ्यासमोर उभा राहून मला हरकत विचारत होता, आणि ती मला एका वाक्यात सांगता येत नव्हती. जाळीलाही आयुष्य असतं. ती थकेल तेव्हा त्याच्याकडे एक लाख चाळीस हजार असतील का? नसले तर तो कुणाचं ऐकेल? त्याच्यावर मी विश्वास ठेवीन, पण त्याच्या पुढच्या मालकावर? हे प्रश्न खरे आहेत. पण हे सगळे प्रश्न गरिबीबद्दलचे आहेत, आणि त्यांचं उत्तर म्हणून गरिबाच्या हातातली वस्तू काढून घेणं, हे मला स्वतःला जितकं स्वच्छ वाटलं होतं तितकं स्वच्छ नाही.

सध्या एवढंच ठरलं आहे. पन्नास हजारांचं ते खातं मी मोडणार नाही. नोव्हेंबर २०२६ ला मिस्त्रींकडून गाडी पुन्हा तपासून घेईन. त्या दिवशी ती धडधाकट निघाली तर ती त्याला मिळेल, खात्यातल्या पैशांसकट, कारण शेवट द्यायचा तर त्याचा खर्चही द्यायला हवा. निघाली नाही तर तिला मोडेन, आणि तो माझ्यावर रागावेल. दोन्हीपैकी काय होईल हे आज माहीत नाही. जुनी गाडी घेतल्यावर निदान हे कळलं की मालकी म्हणजे ज्यांची हरकत ऐकून घ्यायची त्यांची यादी, आणि ती यादी आरसी बुकावरच्या एका नावापेक्षा बरीच लांब असते. माझ्या यादीत आई आहे, गल्लीतली माणसं आहेत. भाच्याचं नाव मी उशिरा घातलं.